‘एआय’ची पाटी आणि लॉगची फाइल

सीईटीचा निकाल लागला की सोलापुरात माझा फोन एकाच प्रश्नाने वाजायला लागतो. "सर, एआय-डेटा सायन्स बसेल का आमच्या लेकराला?" पर्सेंटाइल किती, हे मागाहून सांगतात. लेकराला काय आवडतं, ते मलाच विचारावं लागतं. इथल्या वालचंद कॉलेजात साधं कॉम्प्युटर मिळत असताना ते सोडून पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून ‘एआय’ घ्यायला निघालेले पालक दर हंगामात भेटतात. काही जण तर शैक्षणिक कर्जाचे कागद काखेत घेऊनच येतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं: पाटीवरच्या दोन अक्षरांसाठी कर्ज काढू नका.

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं. दुसऱ्या वर्षापासून डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस, नेटवर्क हे विषय कॉम्प्युटरवाल्यालाही आहेत आणि एआयवाल्यालाही. वेगळेपण येतं ते पुढे, चार-सहा विषयांपुरतं. मुलाखत घेणारा मात्र आधी पायाच खणून बघतो. टेबल जोडायची साधी क्वेरी फळ्यावर लिहिता आली नाही, तर पदवीवर काय छापलंय याला तिथे कोणी विचारत नाही.

नेहमीचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून भराभर सांगतो. दहावीनंतर डिप्लोमा आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. बारावीनंतर सीईटी आणि कॅपच्या फेऱ्या. आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाची बी.एस्सी. ईसीएस. बीसीए, ज्यासाठी 2024 पासून सीईटी सुरू झाली. त्यावर एमसीए. यातला कुठलाही धरा. मी पुढे जे काम सांगतोय, तिथे यातल्या प्रत्येक रस्त्याने पोचता येतं.

ते काम म्हणजे डेटाबेस सर्व्हरचा बिघाड शोधणं.

बँकेतलं खातं, दवाखान्यातला केसपेपर, साखर कारखान्याच्या काट्यावर झालेलं उसाच्या ट्रॉलीचं वजन, सगळं शेवटी कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतं. एखाद्या सोमवारी सकाळी अकरा वाजता सगळ्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. ॲप लिहिणारा म्हणतो, माझा कोड ठीक आहे. नेटवर्कवाला म्हणतो, लाइन चालू आहे. अशा वेळी सर्व्हरच्या पोटात शिरून दोष दाखवणारा माणूस लागतो. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको: कापड विणणारे पुष्कळ असतात, पण माग अडला की हाक जॉबरलाच जाते.

आता हा माणूस नेमकं करतो काय? पोस्टग्रेस हा मोफत डेटाबेस घ्या. त्याच्या ‘पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये शेकडो पर्याय असतात. त्यातला ‘लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट’ मुळात उणे एकवर असतो, म्हणजे क्वेरी कितीही रेंगाळली तरी त्यापायी नोंद होत नाही. तो 500 मिलिसेकंद केला की अर्धा सेकंद किंवा जास्त वेळ घेणारी प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, उतरते. शून्य केला तर झाडून सगळ्या क्वेऱ्या उतरतात, आणि गजबजलेल्या सर्व्हरवर त्या नोंदींनीच डिस्क भरून जाऊ शकते. ‘लॉग लॉक वेट्स’ चालू असेल तर एक व्यवहार दुसऱ्यासाठी ताटकळत कुठे उभा आहे ते कळतं. ही नोंद करण्याआधी किती थांबायचं हे ‘डेडलॉक टाइमआउट’ ठरवतो, आणि तो मुळात एक सेकंदाचा असतो. ‘ऑटो एक्स्प्लेन’ जोडून त्याची वेळमर्यादा ठरवली की संथ क्वेरीचा प्लॅन आपोआप लॉगमध्ये येतो. ‘डीबग प्रिंट प्लॅन’सारखे पर्याय आणखी खोलातले, पानंच्या पानं ओकणारे, रोजच्या कामात ते बंदच बरे.

मायएसक्यूएलमध्ये हेच काम स्लो क्वेरी लॉग करतो. तो मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी संथ म्हणजे दहा सेकंदांहून जास्त, असं धरून चालतो. काउंटरवर उभ्या गिऱ्हाइकाला दहा सेकंद किती वाटतात, ते त्यालाच विचारा. ओरॅकलमध्ये 10046 नावाचा ट्रेस इव्हेंट आणि तो वाचायला टीकेप्रूफ आहे. नावं निराळी, पण विद्या एकच: कुठला पर्याय, कुणापुरता, किती वेळ चालू ठेवायचा आणि काम झाल्यावर आठवणीने बंद करायचा. पोस्टग्रेसमध्ये यातले बरेच पर्याय एकाच डेटाबेसला किंवा एकाच युजरला लावता येतात. काही नुसते रीलोड करून लागू होतात, तर काहींना सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. भर कामाच्या वेळी हा फरक माहीत नसलेल्या माणसाच्या हाती सर्व्हर कोण देईल?

आणखी एक जोखीम कॉलेजात क्वचितच कोणी सांगतं. सगळ्या क्वेऱ्या लॉगमध्ये उतरू लागल्या की त्यांच्यासोबत लोकांचे मोबाइल नंबर, कधी पासवर्डसुद्धा साध्या मजकुरात फाइलमध्ये जाऊन पडतात. वैयक्तिक डेटा जपण्याचा कायदा 2023 मध्ये संसदेने केला आहे, आणि डेटाच्या सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे लॉग चालू करणाऱ्याला तो झाकायलाही आलं पाहिजे.

शिकायला क्लास लागत नाही. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाका. त्यासोबतच ‘पीजीबेंच’ येतं. त्याला 50 पट सांगितलं की खात्यांच्या टेबलात 50 लाख ओळी तयार होतात. इंडेक्स नसलेल्या रकान्यावर शोध घ्या, ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ने प्लॅन बघा, इंडेक्स बांधा, पुन्हा बघा. मग लॉक वेट्स चालू करून दोन खिडक्या उघडा. पहिलीत व्यवहार सुरू करून एक ओळ बदला, पण कमिट करू नका. दुसरीतून तीच ओळ बदलायला जा. दुसरी खिडकी थिजेल. आता लॉग उघडून वाचा. सोबत सिल्बरशाट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचं डेटाबेसचं पुस्तक ठेवा. यातले सुदर्शन आयआयटी मुंबईत शिकवतात, आणि तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ते पुस्तक बहुधा धूळ खात असेल.

तोटेही ऐका. हे काम रात्री-अपरात्री उठवतं. बॅकअप, अपडेट अशी जुनी रोजची कामं आता क्लाउड कंपन्या बऱ्याच अंशी उरकतात, त्यामुळे तेवढ्यावर जगणाऱ्या डीबीएचे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याचे, दिवस सरत चाललेत. शिवाय नव्या पोराच्या हाती चालू सर्व्हर कोणी देत नाही. सुरुवात बहुतेक वेळा सपोर्टमधूनच होते.

आणि इथेच आई-वडील आडवे येतात. "सपोर्टला टाकलं म्हणे, चांगल्या प्रोजेक्टवर घेतलं नाही," असं पडक्या आवाजात सांगणारे वडील मला अनेकदा भेटलेत. अहो, बिघाड जिथे येतात तिथेच ते शोधायला शिकता येतं. पण शेजारच्याचा मुलगा ‘एआय’मध्ये आहे, भाऊबंद लग्नात विचारतात, म्हणून पोराला पहिल्या सहा महिन्यांत नोकरी सोडायला लावायची, हा अन्याय आहे. पोरगं चिकाटीने चार तास एका चुकीच्या मागे बसत असेल, तर त्याला ‘वेळ घालवतोस’ म्हणू नका. पोरीला रात्रपाळी जमेल का, हेही परस्पर ठरवू नका, तिला विचारा. आणि ज्याला गणितात, मॉडेलच्या आतल्या आकडेमोडीत खरंच रस आहे, त्याने खुशाल एआय घ्यावं. असं सांगणारं मूल मला हंगामात एखादंच भेटतं. बाकीच्यांच्या वतीने बापच बोलत असतो.

कॅपमधला पर्यायांचा अर्ज लॉक करायला अजून अवकाश आहे. पोस्टग्रेस फुकट आहे, त्याचं संपूर्ण दस्तऐवजीकरणही फुकट आहे. तोवर पंधरा दिवस पोराच्या, पोरीच्या हाती लॅपटॉप द्या, वर सांगितलेले दोन प्रयोग करू द्या आणि मग त्याला किंवा तिला घेऊन या. कर्जाचे कागद घरीच ठेवा.