स्वयंसेवेची मोजणी आणि मराठी शब्द

समाजात विनामोबदला, सक्तीवाचून आणि दुसऱ्यांसाठी किती श्रम केले जातात, हा प्रश्न वरकरणी संख्याशास्त्राचा आहे. परंतु त्याचे अर्धे उत्तर भाषेपाशी आहे, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

भारतात 1998-99 मध्ये वेळेच्या विनियोगाची प्रायोगिक पाहणी सहा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र व कर्नाटक नव्हते. पुढे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 व 2024 मध्ये देशव्यापी पाहण्या केल्या. त्यांत पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतच्या एकाच दिवसाचा वृत्तान्त अर्ध्या अर्ध्या तासाने टिपला जातो. याउलट, श्रमसांख्यिकीतज्ज्ञांच्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वयंसेवेसाठी चार आठवडे वा एक महिना हा कालावधी आणि त्यात किमान एक तासाचे काम हा निकष ठरविला.

हा भेद केवळ तांत्रिक नव्हे. समजा, बंगळूरच्या येलहंका भागातील एक मराठी भाषिक गृहिणी दर रविवारी पुट्टेनहळ्ळी तलावाकाठचा कचरा उचलते. नोंदीचा दिवस मंगळवार असल्यास तिचे श्रम पाहणीत उतरणार नाहीत. रविवार असला तरी 'तळ्यावर फिरून आले' एवढेच ती सांगेल. कारण 'स्वयंसेविका' म्हटले की तिच्या डोळ्यांसमोर बिल्ला, गणवेश आणि संस्था उभी राहते. डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलापासून (1923) राष्ट्रीय सेवा योजनेपर्यंत (1969) या शब्दाभोवती संघटनेचेच वलय राहिले आहे.

संघटनेबाहेरच्या श्रमांना मराठीत जुनी नावे आहेत. इर्जिकीत गावकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात उतरतात आणि तो त्यांना जेवू घालतो. उपरोक्त निकषांनुसार केवळ भोजन मिळाल्याने काम स्वयंसेवेतून बाद होत नाही. सावडीत मात्र श्रमांची फेड ठरलेली असते. तिला सेवा म्हणावे की विनिमय, हे विचारांती ठरवावे लागेल. एकाच सांकेतिक क्रमांकाखाली दोन्ही घातल्यास हा विवेकच नाहीसा होतो.

तात्पर्य, 'आपण स्वयंसेवा करता काय?' असे न विचारता प्रत्यक्ष कामांची नावे घेऊन विचारावे. संकेतांकन करण्यापूर्वी उत्तरदात्याचे मूळ शब्द जतन करावेत. आणि प्रादेशिक श्रमवाचक शब्दांचा संग्रह लोकगीते, आत्मचरित्रे व बोलींच्या अभ्यासकांनी सिद्ध करावा. हे साहित्याभ्यासाबाहेरचे काम नव्हे. ज्या श्रमाला प्रश्नावलीत शब्द नाही, तो राष्ट्राच्या हिशेबी झालाच नाही असे ठरते. आणि असे श्रम करणाऱ्यांत ती येलहंक्याची गृहिणी एकटी नाही.