घरातील जुनी विलायती दुनळी बंदूक : पारख, काडतूस व कायदा

भाद्रपद सरत आला की कन्नड तालुक्यातील डोंगराकाठच्या शिवारात मक्याची कणसे भरू लागतात, आणि त्याच सुमारास रानडुकरांचे कळप रात्री पिकात उतरतात. अशा वेळी ज्या घरात आजोबांच्या काळातील जोडनळीची विलायती बंदूक आहे, त्या घरातील तरुणाचे लक्ष तिच्याकडे जाणे स्वाभाविक आहे. तो ती पेटीतून काढतो, फडक्याने पुसतो आणि काडतुसांचा नवा खोका आणतो. काडतूस नळीत बिनअडथळा बसते, नळ्या नीट मिटतात, आणि बंदूक चालविण्यास योग्य आहे अशी त्याची समजूत होते. ही समजूत त्याच्या हाताला व डोळ्याला घातक ठरू शकते. काडतूस बसते म्हणजे ते त्या बंदुकीचे आहे असे नव्हे. हा भेद समजून घेणे हाच या पाठाचा उद्देश होय.

या बंदुका कोठून आल्या

मराठवाडा दि. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व १९४९ मध्ये तेथील जहागिरी रद्द झाल्या. त्या काळात शिकार हा जहागीरदार, देशमुख व बडे अधिकारी यांचा शोक होता, आणि बंदूक म्हटली की ती बहुधा इंग्लंडमध्ये बनलेली असे. लंडनचे पर्डी व हॉलंड अँड हॉलंड, बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स, ग्रीनर व वेब्ली अँड स्कॉट ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. नळ्यांमधील पट्टीवर पुष्कळदा कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांच्यासारख्या विक्रेत्यांचे नाव कोरलेले असते. परंतु अशा बंदुका बहुधा बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडविलेल्या असत. म्हणून पट्टीवरील नाव हा बंदुकीच्या मजबुतीचा पुरावा मानू नये. पुरावा असतो तो नळ्यांच्या बुडाशी, खालच्या बाजूस.

नळ्यांवरील खुणा कशा वाचाव्यात

बंदुकीस हात लावताच प्रथम ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची स्वतः खात्री करावी. मग पुढचे लाकूड काढून नळ्या अलग कराव्यात व त्या उलट्या धराव्यात. बुडाजवळच्या सपाट भागावर लहान लहान ठसे दिसतील. इंग्लंडमध्ये प्रत्येक बंदूक विक्रीपूर्वी सरकारमान्य चाचणीगृहात नेहमीपेक्षा जादा दाबाचा बार भरून उडविली जाते व ती टिकली तरच तिच्यावर ठसा उमटविला जातो. लंडनमध्ये हे काम बंदूक-कारागिरांच्या १६३७ साली सनद मिळालेल्या संघाकडे आहे. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले.

पुढील चार खुणा शोधाव्यात.

१. एन.पी. ही रोमन अक्षरे किंवा ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द. बंदूक बिनधुराच्या दारूसाठी तपासली गेली असा यांचा अर्थ. बर्मिंगहॅमच्या १९०४ नंतरच्या ठशांत मुकुटाखाली ही अक्षरे असतात. ही खूण नसेल तर ती बंदूक केवळ काळ्या दारूसाठी तपासलेली आहे असे समजावे. आजची बाजारातील काडतुसे बिनधुराच्या दारूची असतात. म्हणून अशी बंदूक चालवू नये.

२. कोठीची लांबी. नळीच्या ज्या भागात काडतूस बसते ती कोठी होय. १९२५ नंतरच्या बंदुकांवर २ १/२ इंच किंवा २ ३/४ इंच असा आकडा आढळतो. त्याहून जुन्या बंदुकीवर हा आकडा नसतो. तेथे लांबी परवानाधारक बंदूक-दुरुस्ती कारागिराकडून मोजून घ्यावी.

३. छऱ्यांचे कमाल वजन. उदाहरणार्थ, १ १/८ औंस, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम.

४. दाबाचा आकडा. १९५४ नंतरच्या ठशांत दर चौरस इंचास किती टन दाब चालेल ते दिलेले असते. २ १/२ इंची कोठीस सामान्यतः ३ टन व २ ३/४ इंची कोठीस ३ १/४ टन असा तो आढळतो.

नळ्यांच्या पृष्ठभागावर पिळाची किंवा लाटांची बारीक नक्षी दिसल्यास त्या ‘दमास्कस’ पद्धतीच्या असण्याचा संभव आहे. अशा नळ्या लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून व ठोकून सांधलेल्या असतात. दिसण्यास त्या सुंदर असतात; परंतु सांध्याच्या आत गंज शिरला असल्यास तो बाहेरून दिसत नाही. जाणकार कारागिराने तपासल्याशिवाय त्या भिंतीवरच शोभतात.

पाव इंचाचा घात

बारा बोअर म्हणजे ज्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात बारा भरतात ती नळी. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. सर्व बारा बोअर नळ्यांची जाडी एकच म्हणून सर्व काडतुसेही एकच, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे.

जुन्या इंग्रजी बंदुकांपैकी पुष्कळांची कोठी २ १/२ इंची असते. तिचे काडतूस ६५ मिलिमीटरचे म्हणून ओळखले जाते. आज ७० मिलिमीटरची, म्हणजे २ ३/४ इंचाची, काडतुसेही सर्रास मिळतात. आता मुख्य गोष्ट लक्षात घ्यावी. खोक्यावर छापलेली लांबी ही उडालेल्या, म्हणजे तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. न उडालेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्यामुळे ते आखूड भरते. त्यामुळे ७० मिलिमीटरचे काडतूस २ १/२ इंची कोठीत सहज बसते. परंतु चाप ओढताच ते दुमडलेले तोंड उलगडते, कोठीपुढे नळी जेथे अरुंद होत जाते तेथे शिरते, आणि छरे व बुच यांच्या वाटेत अडसर निर्माण होतो. मागे जळणाऱ्या दारूचा दाब एकदम वाढतो. जुनी नळी तो एकदा सोसेल, दहादा सोसेल. परंतु प्रत्येक बाराबरोबर सांधे सैल होत जातात, आणि जेथे गंजाने नळी पातळ झाली असेल तेथे ती फुटूही शकते. नळी धरणारा हात नेमका तिच्याखाली असतो.

यावर उपाय साधा आहे. नळीवरील आकडा व खोक्यावरील आकडा शेजारी ठेवून वाचावा. काडतुसाची लांबी व छऱ्यांचे वजन ही दोन्ही नळीवरील आकड्यांपेक्षा अधिक असू नयेत. शंका असल्यास बार काढू नये. कोठी कोरून लांब करून घेण्याचा मोहही टाळावा. त्यामुळे नळीची भिंत पातळ होते व मूळ चाचणीचा आधार राहत नाही. पोलादी छऱ्यांची काडतुसेही या जुन्या नळ्यांत वापरू नयेत.

याच जातीचा दुसरा धोका वीस बोअरच्या काडतुसाचा आहे. ते चुकून बारा बोअरच्या नळीत पडले तर कोठीतून पुढे घसरून अडकते व वरून दिसत नाही. नळी रिकामी समजून मागे बारा बोअरचे काडतूस भरले व चाप ओढला की नळीच्या चिंधड्या होतात. म्हणून दोन जातींची काडतुसे एका खिशात कधीही ठेवू नयेत.

घरच्या घरी करावयाची तपासणी

रिकाम्या नळ्या उजेडाकडे धरून आत पाहावे. आतील प्रकाशाची वलये अखंड असावीत. कोठे सावली मोडलेली दिसल्यास तेथे पोचा किंवा फुगवटा आहे असे समजावे. नंतर अलग केलेल्या नळ्या आकड्याने टांगून लाकडी काडीने हलकेच टिचकावे. घंटेसारखा नाद आला तर पट्टीचा सांधा शाबूत आहे. बद्द आवाज आल्यास तो सुटला आहे. शेवटी पुढचे लाकूड न लावता बंदूक मिटवून हलवावी. नळ्या खुळखुळल्या किंवा नळ्यांचे बूड व मागील लोखंड यांमधून उजेड दिसला तर बंदूक ढिली झाली आहे. यांपैकी एकही दोष आढळल्यास ती शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच न्यावी. गावच्या लोहाराकडून डाग देऊन घेणे हे नळीस व जिवास दोन्हींस अपायकारक आहे.

चालविताना घ्यावयाची दक्षता

साधारणपणे पुढील चाप उजवी नळी व मागील चाप डावी नळी उडवितो. डावी नळी तोंडाशी बहुधा अधिक आवळलेली असते, त्यामुळे तिचे छरे दूरवर एकत्र राहतात. अशा आवळ नळीतून अखंड गोळी उडवू नये.

सुरक्षा-खटक्यावर फाजील विश्वास ठेवू नये. अनेक जुन्या बंदुकांत तो केवळ चाप अडवितो, आतील घोडा अडवीत नाही. बंदूक हातून पडल्यास बार होऊ शकतो. म्हणून बांध ओलांडताना, झाडावर किंवा माचाणावर चढताना काडतुसे काढून घ्यावीत व बंदूक उघडी ठेवावी. ती चिखलात टेकली असल्यास नळीतून आरपार पाहिल्यावाचून भरू नये. तोंडाशी बसलेला चिखलाचा गोळाही नळी फाडण्यास पुरेसा होतो.

बारीक छऱ्यांचा उपयुक्त टप्पा पस्तीस-चाळीस यार्डांचा असला तरी त्यांचा धोका त्याच्या कितीतरी पुढे जातो, आणि मोठे छरे कित्येक शे यार्ड जातात. रात्री शेजारच्या शेतातही राखणदार असतो. तेव्हा सळसळ ऐकून बार काढणे हा गुन्ह्याइतकाच अविचार होय.

या बंदुका वजनाने हलक्या असतात. छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट बंदुकीचे वजन असावे असा इंग्रज कारागिरांचा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ३० ग्रॅम छऱ्यांस सुमारे २.९ किलोग्रॅमची बंदूक पुरते. तीत भारी काडतूस घातल्यास खांद्यास हिसका बसतो व दस्त्याचे लाकूड चिरते.

निगा

वापरानंतर त्याच दिवशी नळ्या पुसून आत तेलाचा पातळ हात फिरवावा. पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या किंवा गोणपाटाच्या पिशवीत ठेवू नये. ती ओल धरून ठेवते. तेल जास्त ओतल्यास ते दस्त्यात उतरून लाकूड कुजते. बंदूक व काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत आणि किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

वारसा व परवाना

वडिलोपार्जित बंदूक ही वडिलोपार्जित जमिनीसारखी आपोआप वारसाकडे येत नाही. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसाने विलंब न लावता बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा नियमानुसार परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी व स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर त्याच्या हयातीतही वारसास अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस, वारसाहक्काने आलेली धरूनही, दोनच शस्त्रे बाळगता येतात. वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हाही त्याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी मुख्यतः ठासणीची बंदूक गृहीत धरली आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास किमान २० इंच नळीच्या दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीसही परवाना देता येतो.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे

बंदुकीचा परवाना असला तरी वन्य प्राणी मारण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार रानडुक्कर व रोही हे दोन्ही अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या अशा प्राण्यास मारण्यासाठी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी यांची लेखी परवानगी आधी हातात असावी लागते. मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. काळवीट व मोर हे अनुसूची एकमध्ये असल्याने पिकाच्या नुकसानीसाठी त्यांच्यावर बंदूक रोखता येत नाही.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात गौताळा-औट्रम घाट अभयारण्य व पैठणचे जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्यात किंवा त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांच्या नोंदणीची तरतूद कलम ३४ मध्ये आहे, आणि तेथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीवाचून दिला जात नाही. कन्नड, सोयगाव, पैठण व गंगापूर तालुक्यांतील परवानाधारकांनी आपले गाव या अंतरात येते काय, याची वन कार्यालयात चौकशी करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

सुगीपूर्वी गावात बैठक घेताना परवानाधारकांना पुढील पाच प्रश्न विचारावेत : परवाना कोणाच्या नावे व कोणत्या तारखेपर्यंत आहे? नळीवर बिनधुराच्या दारूची खूण आहे काय? कोठी किती इंचाची? घरातील काडतुसे किती मिलिमीटरची? वन विभागाची लेखी परवानगी आहे काय? पाचांपैकी एकाचेही उत्तर न मिळाल्यास बंदूक कुलपातच राहू द्यावी आणि राखण, कुंपण व नुकसानीचा पंचनामा हे मार्ग धरावेत.

मक्याचे एका हंगामाचे नुकसान पुढील हंगामात भरून काढता येते. गेलेला डोळा किंवा तुटलेली बोटे परत येत नाहीत. आजोबांनी जपलेली बंदूक नातवाने जपावयाची असेल, तर तिच्या नळीवर कोरलेले चार आकडे वाचणे ही त्याची पहिली पायरी होय.