देशाचे तेलसाठे आणि आपल्या शेतातील डिझेल

डिझेलचा भाव वाढला की नांगरटीचा, रोटाव्हेटरचा आणि मळणीचा दर वाढतो. ट्रॅक्टर आपला असो वा भाड्याचा, भार शेवटी पिकाच्या खर्चावरच पडतो. हा भाव गावात ठरत नाही आणि पुष्कळ अंशी दिल्लीतही ठरत नाही. तो कोठे ठरतो, देशाजवळ स्वतःचे तेल किती आहे आणि यात आपल्या हाती काय उरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्या देशात खनिज तेल प्रथम आसाममधील दिग्बोई येथे १८८९ च्या सुमारास मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि गुजरातेत खंबात व अंकलेश्वर येथे तेल लागले. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि काही महिन्यांतच जगात तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. त्याच अडचणीच्या काळात, फेब्रुवारी १९७४ मध्ये, ‘सागर सम्राट’ या खोदकाम करणाऱ्या यंत्रनौकेला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात तेल लागले. हेच ‘मुंबई हाय’. १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले.

१९८५ च्या सुमारास देशात वर्षाला जवळजवळ ३ कोटी टन कच्चे तेल निघत होते आणि पेट्रोलियम पदार्थांचा खप ४ कोटी टनांच्या आसपास होता. पुढे राजस्थानात बारमेरजवळ २००४ मध्ये मोठे क्षेत्र सापडले. २०११-१२ मध्ये उत्पादन सुमारे ३ कोटी ८० लाख टनांपर्यंत चढले आणि नंतर उतरत गेले. २०२३-२४ मध्ये ते पुन्हा ३ कोटी टनांच्या आत होते. खप मात्र २३ कोटी टनांवर गेला होता. म्हणजे चाळीस वर्षांत तेल निघाले तेवढेच आणि गरज झाली सहापट. त्या वर्षी गरजेच्या सुमारे ८७ टक्के तेल बाहेरून आणावे लागले.

‘साठा’ या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. जमिनीखाली तेलाचे तळे नसते. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते. भारी काळ्या जमिनीत ओल असूनही पीक सुकताना आपण पाहतो, कारण मातीने धरून ठेवलेले सगळेच पाणी मुळांना ओढता येत नाही. तेलाचेही तसेच आहे. जगातील अनेक क्षेत्रांत खडकातील एकूण तेलापैकी साधारण तिसरा हिस्साच वर येतो. सुरुवातीला आतल्या दाबाने तेल उसळते, मग दाब उतरतो. मुंबई हायमध्ये दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी खाली सोडावे लागते. म्हणून साठा म्हणजे आजच्या तंत्राने आणि आजच्या भावाला परवडेल असे काढता येण्याजोगे तेल. भाव वाढला की हा आकडा वाढतो, भाव पडला की घटतो. एखाद्या ठिकाणी तेल सापडल्याची बातमी वाचून लगेच स्वस्ताईची आशा धरू नये.

दुसऱ्या प्रकारचा साठा म्हणजे अडीअडचणीसाठी भरून ठेवलेले तेल. पूर्वी गावोगावी ज्वारीची पेवे असत, तशी तेलाची पेवे विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर येथे खडकात खोदली आहेत. तिन्हींत मिळून सुमारे ५३ लाख टन कच्चे तेल मावते. देशाच्या गरजेला ते नऊ-दहा दिवस पुरेल. तेलशुद्धीकरण कारखान्यांकडील माल वेगळा.

आता भावाकडे वळू. कच्चे तेल पिंपावर विकले जाते. एका पिंपात १५९ लिटर तेल येते आणि व्यवहार बहुतांशी डॉलरमध्ये होतो. त्यामुळे जागतिक भाव स्थिर असला तरी रुपया घसरला की डिझेल महागते. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा विक्रीकर असतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरील सरकारी भावनियंत्रण उठले, २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. तरीही बाजार पडला की पंपावरचा भाव पडतोच असे नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत कच्चे तेल कोसळले, तेव्हा मार्च आणि मे महिन्यांत उत्पादन शुल्क वाढवले गेले व स्वस्ताई ग्राहकापर्यंत आलीच नाही. करांबाबतची शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे, असे मला वाटते.

इथेनॉलविषयी ऊस बागायतदार नेहमी विचारतात. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२५ मध्ये प्रमाण २० टक्क्यांच्या घरात गेले. आयात तेवढी वाचते, कारखान्यांना पैसा मिळतो, हे खरेच. पण हे मिश्रण पेट्रोलमध्ये होते. आपला ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. शिवाय ऊस पाण्यावर येतो. २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली होती. डिझेलला पर्याय म्हणून २००३ नंतर मोगली एरंडाचा बराच गाजावाजा झाला. पडीक कोरडवाहू जमिनीत त्याचे उत्पन्न अपेक्षेच्या जवळपासही आले नाही.

आपण टाकीतले डिझेल मोजतो, गोणीतले मोजत नाही. युरिया नैसर्गिक वायूपासून तयार होतो. रायगड जिल्ह्यातील थळचा कारखाना मुंबई हायच्या वायूसाठीच उभारला गेला. ४५ किलोच्या एका गोणीसाठी लागणारी ऊर्जा सुमारे ३० लिटर डिझेलइतकी भरते. देशाला वायूचाही मोठा हिस्सा आयात करावा लागतो. अनुदानामुळे गोणी स्वस्त दिसते, एवढेच. म्हणून माती परीक्षणाशिवाय युरिया वाढवू नये, तो एकाच वेळी न देता विभागून द्यावा, आणि फेरपालटीत हरभरा, तूर किंवा हिरवळीसाठी ताग घ्यावा. उसाचे पाचट जाळू नये.

मशागतीत बचतीला पुष्कळ वाव आहे. खोल नांगरट दरवर्षी करण्याची गरज नसते. तीन वर्षांतून एकदा पुरे. रब्बीचे पीक निघताच जमिनीत थोडी ओल असताना नांगरल्यास ढेकळे कमी निघतात व ट्रॅक्टरवर ताण कमी येतो. मे महिन्यातील कडक जमीन फोडण्यात डिझेल जास्त जळते. गुळगुळीत झालेले टायर जागच्या जागी फिरतात आणि तेल खातात. आपल्या रानात एकरी किती डिझेल लागते हे पाहायचे असल्यास कामापूर्वी टाकी काठोकाठ भरावी, काम झाल्यावर त्याच सपाट जागी पुन्हा काठोकाठ भरावी. जेवढे मावले तेवढे लागले. भाड्याचा दर ठरवतानाही हा आकडा कामी येतो.

इंजिनपंप असल्यास फूटव्हॉल्व्ह अरुंद छिद्रांचा नाही ना ते पाहावे, पाइपला विनाकारण वळणे देऊ नयेत. तेलाच्या नळीचे सांधेही तपासावेत. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला सुमारे ४ लिटर डिझेल मातीत जाते.