एअर पिस्तुलाला दुर्बीण लावावी का?

प्रश्न : १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करतो. अचूकतेसाठी स्कोप घेऊ की रेड डॉट?

उत्तर : स्पर्धा खेळायची असेल, तर दोन्ही नकोत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या प्रकारात फक्त उघड्या साइट्स चालतात. पण नियम बाजूला ठेवला, तरी माझे मत तेच. दोन साइट्समधले अंतर ३०० मिमी धरा. फ्रंट साइट मागच्या खाचेत एक मिमी सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३३ मिमी हुकतो, म्हणजे दहाऐवजी सहा गुण. उलट, साइट्स जुळलेल्या असताना अख्खा हात समांतर पाच मिमी हलला, तर छर्राही पाचच मिमी हलतो. चूक मुख्यतः कोनाची असते आणि ती उघड्या साइटच्या खाचेत लख्ख दिसते. म्हणून नजर फ्रंट साइटवर ठेवा, लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल.

‘स्कोपमधून लक्ष्य मोठे दिसते ना?’ दिसते, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते आणि ट्रिगर घाईने ओढला जातो. शिवाय रायफलचा स्कोप डोळ्याजवळ लागतो; पिस्तूल तर हातभर लांब! चाळिशीमुळे फ्रंट साइट अंधुक दिसत असेल आणि नेम निव्वळ हौसेचा असेल, तर रेड डॉट जरूर घ्या. एरवी तो खर्च छर्र्यांवर करा.