सहसंबंध आणि काय-वर्ग कसोटी : एक प्राथमिक पाठ

पाऊस बरा झाला की कपाशी पिकते, हे बडनेरा परिसरातील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. दोन राशी अशा जोडीने कमी-अधिक होत असतील, तर त्यांच्यात सहसंबंध आहे असे संख्याशास्त्र म्हणते. एक वाढली की दुसरीही वाढते तो धन सहसंबंध. एक वाढली की दुसरी घटते तो ऋण. कार्ल पिअर्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा सहसंबंध गुणांक उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. गुणांक शून्य आला, तर सरळ रेषेतील संबंध नाही एवढेच कळते. अतिवृष्टी झाली की बोंडे सडतात. म्हणजे पावसाबरोबर उत्पन्न एका मर्यादेपर्यंत वाढते व पुढे घटते. असा वाकणारा संबंध कितीही पक्का असला, तरी गुणांक शून्याजवळ येऊ शकतो. म्हणून आकडेमोडीपूर्वी आलेखकागदावर बिंदू मांडून पाहावेत.

आपल्या समाजाच्या इतिहासाशी निगडित एक उदाहरण येथे मुद्दाम देतो. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हे नाके मोजीत असत. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की नासिका-निर्देशांक मिळतो. तो जितका मोठा, तितके जातीचे सामाजिक स्थान खालचे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आजच्या परिभाषेत हा ऋण सहसंबंधाचा दावा होय. १९३२ साली डॉ. गो. स. घुर्ये यांनी ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात ही मोजमापे प्रांतवार तपासली. संयुक्त प्रांताच्या बाजूस ही उतरंड काहीशी आढळली. महाराष्ट्रासह अन्यत्र ती टिकली नाही. पुढे १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घुर्ये यांच्याच कोष्टकांच्या आधारे दाखवून दिले की, ब्राह्मण व अस्पृश्य वंशाने भिन्न ठरत नाहीत. अस्पृश्यतेचे मूळ वंशात शोधणारा सिद्धान्त त्याच्याच मोजपट्टीने खोटा ठरला.

नाक मोजता येते; पण निवास, निकाल यांसारख्या गोष्टींत माणसे केवळ गटवार मोजावी लागतात. तेथे पिअर्सन यांनीच १९०० साली मांडलेली काय-वर्ग कसोटी उपयोगी पडते. वसतिगृहात राहिल्याने विद्यार्थी अधिक यशस्वी होतो, असे आपण सारेच अभिमानाने सांगतो. ते पडताळू या. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

समजा, दहावीचे १०० विद्यार्थी आहेत. ५० वसतिगृहातील, ५० घरून येणारे. प्रथम श्रेणी वसतिगृहातील ३० जणांस व घरून येणाऱ्या २० जणांस मिळाली. निवासाचा व श्रेणीचा काहीच संबंध नाही असे गृहीत धरले, तर या ५० प्रथम श्रेणी दोन्ही गटांत २५-२५ अशा वाटल्या जाव्यात. श्रेणी न मिळालेलेही २५-२५ असावेत. चारही रकान्यांत प्रत्यक्ष व अपेक्षित संख्येतील फरक ५. त्याचा वर्ग २५. त्यास अपेक्षित संख्येने, म्हणजे २५ ने, भागले की १. चार रकान्यांची बेरीज ४. दोन रांगा व दोन स्तंभांच्या कोष्टकास ५ टक्के पातळीवर सीमामूल्य ३.८४ आहे. आपले उत्तर त्याहून मोठे आहे. अर्थात संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढी तफावत शंभरात पाचांहून कमी वेळा पडेल. सबब गृहीतक नाकारावे.

मात्र वसतिगृहाचा जयजयकार करण्यापूर्वी थांबावे. प्रवेशाच्या वेळीच हुशार मुले निवडली गेली असतील, तर श्रेय निवडीचे आहे. कसोटी संबंध दाखविते. कारण शोधणे आपल्याकडे राहते.

आता विद्यार्थी २० च घ्या. वसतिगृहातील १० पैकी ६, घरून येणाऱ्या १० पैकी ४ प्रथम श्रेणीत. टक्केवारी पूर्वीचीच, ६० व ४०. परंतु अपेक्षित संख्या ५, फरक १, आणि बेरीज अवघी ०.८. गृहीतक नाकारता येत नाही. शिकवणी वर्गांच्या फलकांवरील टक्केवारी वाचताना पालकांनी ‘एकूण विद्यार्थी किती?’ असे प्रथम विचारावे ते यासाठीच. अपेक्षित संख्या ५ च्याही खाली गेली, तर काय-वर्ग बाजूस ठेवून फिशर यांची अचूक कसोटी वापरावी.