क्लिप बसली, पापणी उठेना

मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा बंद केला की दुखणं संपलं, असं घरच्यांना वाटतं. ‘ऑपरेशन चांगलं झालं’ हे डॉक्टरांचं म्हणणंही खरंच असतं. पण फुग्यानं शेजारची नस दाबलेली असते, कधी ऑपरेशनातही ती दुखावते, आणि तिचं दुखणं मागे उरतं. ते कसं निभवायचं हे जळगावात मला सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

धुळ्याला माहेरी लग्नासाठी गेले होते. डाव्या डोळ्यामागे ठणका लागला आणि दुसऱ्या दिवशी पापणी खाली आली ती उठेचना. बोटानं उचलून आरशात पाहिलं तर बुबुळ कानाकडे सरकलेलं. शेजारच्या आजी धावत आल्या, ‘काय व्हयनं वं माय?’ वारं गेलं असेल, शेकून काढू, असं बायकांचं ठरतही होतं. भावानं ऐकलं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून दोन्ही बाहुल्या पाहिल्या. डावी मोठी झाली होती आणि उजेडातही आकसत नव्हती. चिठ्ठीवर सीटी अँजिओग्राफी लिहून ते म्हणाले, ‘ताई, उद्यावर ढकलू नका. आजच.’

ही खूण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. मेंदूतून डोळ्याकडे जाणारी तिसरी नस एका मोठ्या रक्तवाहिनीच्या फाट्याला अगदी लागून जाते. त्या फाट्यावर फुगा धरला की नस दबते. बाहुली आकसवणारे तंतू या नसेच्या बाहेरच्या कडेला असतात, त्यामुळे दाब आला की ते लवकर निकामी होतात. मधुमेहानंही ही नस लुळी पडते. तेव्हा बाहुली बहुधा शाबूत राहते. पण हा निवाडा घरी करायचा नसतो. पापणी अचानक पडली, एकाचे दोन दिसायला लागले, तर त्याच दिवशी तपासणी. फुगा फुटण्याआधी मिळालेला तो इशारा असू शकतो. १९३७ साली अमेरिकेत बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी अशा फुग्याच्या मानेवर पहिल्यांदा क्लिप बसवली, त्या रुग्णाचीही हीच नस लुळी पडलेली होती.

तपासणीत माझाही असाच फुगा निघाला. माझी क्लिप नाशिकला बसली. शुद्ध आली, पट्ट्या निघाल्या, पण पापणी तशीच. यांचा चेहरा उतरला. ऑपरेशन फसलं असंच त्यांनी धरलं. सर्जननी समजावलं की क्लिपनं रक्तवाहिनीचा धोका त्याच दिवशी संपतो, नस मात्र तिच्या चालीनं भरते. त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात, कधी वर्ष, आणि काहींची पूर्ण भरतही नाही. ऑपरेशनला जाण्याआधीच विचारून घ्यावं: कोणती नस आधीच दबली आहे, कोणती दुखावू शकते, आणि किती दिवस वाट पाहायची? उत्तर आधी कळलं असतं तर यांच्या त्या रात्री इतक्या वाईट गेल्या नसत्या.

आणखी दोन गोष्टी झाल्या. डावी भुवई वर जाईना, आणि घास घेताना तोंड पुरतं उघडेना. कानशिलावरून चीर घेताना चेहऱ्याच्या नसेची एक बारीक फांदी दुखावू शकते, आणि तिथला चावण्याचा स्नायू आखडतो. जबड्यासाठी डॉक्टरांनी रोजचा सावकाश व्यायाम दिला. तो टाळू नये, नाहीतर जबडा तसाच आखडून राहतो.

वॉर्डात एका मावशींचा फुगा मेंदूच्या मागच्या बाजूला होता. त्यांची घशाची नस दुखावली होती, आवाज घोगरा, बसका. भेटायला आलेल्यांनी मायेनं कपभर चहा पाजला आणि त्यांना असा ठसका लागला की नर्स धावत आल्या. अशा रुग्णाला चहा-पाणी सगळ्यात अवघड, कारण पातळ पदार्थ पटकन श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका, घोटभर पाणीसुद्धा.

चेहऱ्याची नस दुखावून डोळा मिटत नसेल तर आपल्या खान्देशात फार जपावं लागतं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो, गरम वारा आणि धूळ दिवसभर. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून बुबुळावर जखम होते. डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि रात्रीचं मलम वेळेवर घालावं, पापणी त्यांच्याकडून शिकून पट्टीनं बंद करावी, कूलरचा झोत तोंडावर घेऊ नये. डोळा लाल झाला किंवा धूसर दिसू लागलं तर थांबू नका.

माझा डोळा बंद होता तोवर निदान एकच दिसायचं. पापणी हळूहळू उठली, घरात पेढे वाटले गेले, आणि माझे खरे हाल तेव्हा सुरू झाले. एका दाराची दोन दारं. चहा कपाच्या बाहेर ओतला जायचा, जिन्याची शेवटची पायरी कळायची नाही. पापणी उठणं ही नस भरत असल्याचीच खूण होती, पण डोळा फिरवणारे स्नायू मागे राहिले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक डोळा झाकायला सांगितलं आणि पुढे चष्म्यावर प्रिझमची पातळ पट्टी चिकटवून दिली. मोठ्या माणसाचा डोळा झाकून अधू होत नाही, तेव्हा ती भीती नको. दुचाकी मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

अजून एक अजब प्रकार. परातीत भाकरी थापायला खाली पाहिलं की माझी डावी पापणी आपसूक वर चढते. भरताना तंतू चुकीच्या स्नायूला जाऊन जुळतात, त्यानं असं होतं. हे नवं दुखणं नाही.

लकव्याच्या नावानं डाग देणारे, नाकात तेल सोडणारे, मशीननं डोळ्याला करंट देणारे लोक दारात येतात. ओल्या जखमेच्या जवळपासही त्यांना येऊ देऊ नका.

फाइलीत एक कागद कायमचा हवा, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा: कोणत्या बाजूची बाहुली मोठी आहे आणि ती कधीपासून. उद्या पारोळ्याजवळ हायवेवर अपघात झाला तर तिथला डॉक्टर मोठी बाहुली पाहून मेंदूवर दाब आला असं समजेल. तो कागद त्याला खरं काय ते सांगेल. क्लिप कोणत्या धातूची, कोणत्या कंपनीची, तेही लिहून घ्या. एमआरआयच्या आधी विचारतात. पण कागद आहे म्हणून गाफील राहू नका. अचानक असह्य डोकेदुखी, ग्लानी, बोलणं अडखळणं, किंवा सुधारलेली पापणी पुन्हा पडणं, यातलं काहीही दिसलं तर १०८.

पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच गाठा. ही योजना २०१२ मध्ये दुसऱ्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. ऑपरेशननंतरच्या तपासण्यांचं काय, हेही त्यालाच विचारा.

तिरळेपणाच्या ऑपरेशनची घाई करू नये. नस भरायची थांबली, डोळ्याचं माप काही महिने तेच राहिलं, मगच ते करतात. माझं माप अजून थोडं थोडं बदलतं आहे. वर पाहिलं की दोन दिसतात, समोर पाहिलं की प्रिझममधून एक. ऑपरेशनचं पुढच्या तपासणीत ठरेल.