जुन्या कागदांत हात घालण्याआधी

पोरी, साठ-सत्तरच्या दशकातली अनियतकालिकं, पोस्टरं, जुने फोटो धुंडाळून काहीतरी सुचतंय का ते बघायला तू निघाली आहेस, हे ऐकून बरं वाटलं. तुमच्या पिढीला जुनेपणा एका बटणावर मिळतो, पिवळटपणा वेगळा आणि डाग वेगळे, तरी तुला खरे कागद बघावेसे वाटले. तर आत्याचे चार शब्द बरोबर ने. चार म्हणते, पण जास्त होणार, तुला ठाऊकच आहे.

१. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून बस आणि पेन पिशवीतच राहू दे, पेन्सिल काढ – शाईचा डाग कागदावरून निघत नाही, आणि ग्रंथपालाच्या मनातून तर मुळीच नाही.

२. ‘आधी पाठ वाचावी, मग तोंड पाहावं.’ मुद्रकाचं नाव-ठिकाण छापणं १८६७च्या कायद्याने सक्तीचं केलं होतं, तेव्हा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ते बहुधा सापडतं – किंमत आणि वर्गणीही वाचलीस की अंक कुणाच्या खिशावर निघत होता ते उमगतं.

३. भिंग जवळ ठेव आणि ‘हे छापलं कसं?’ हे आधी विचार – सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर मोठा काळा भाग धरत नाही, म्हणून त्या पानांवर रेघा बारीक आणि कडा तुटक्या. तो तुटकपणा कुणी हौसेने आणला नव्हता, छापखान्याला द्यायला पैसे नव्हते.

४. रंग मोजत जा. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्रात चित्रकार एमरी डग्लस बहुतेकदा काळा आणि जोडीला एकच रंग वापरत – दोनच रंग हाताशी असले की रेघेला जाड व्हावं लागतं, बोलावं लागतं. तू मात्र अख्खी रंगपेटी उघडून बसतेस आणि मग ‘आत्या, काही जमत नाहीये’ म्हणतेस.

५. मुखपृष्ठाच्या प्रेमात पडण्याआधी अंक वाच. ओकलंडच्या त्याच पक्षावरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या काळचं पत्रक हाती आलं तर आधी मागण्या वाच, अक्षरांची वळणं नंतर – मूठ कुणावर उगारली होती ते न वाचता ती टी-शर्टवर छापलीस, तर तो टी-शर्ट मी पायपुसण्याला घेईन.

६. जे आवडलं, ते काढणाऱ्याला कुठे सापडलं तिथवर मागे जा. वेस विल्सनने १९६६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहाच्या पोस्टरांसाठी फुगीर, एकमेकांत घुसलेली अक्षरं काढली; ते वळण त्याने व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरकडून उचललं होतं, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. त्याच वर्षी स्टॅन्ली माउस आणि आल्टन केली यांना त्याच शहराच्या सार्वजनिक वाचनालयात एडमंड सलिव्हनने ‘रुबाईयात’साठी काढलेला गुलाबांतला सांगाडा सापडला, आणि तो ग्रेटफुल डेड या बँडच्या पोस्टरवर जाऊन बसला – विल्सनची नक्कल केलीस तर धाकटी विल्सन होशील, रोलरपर्यंत गेलीस तर तिथून तुझी स्वतःची वाट फुटू शकते. (वाचनालयाचं कार्ड काढ म्हणून कधीपासून सांगतेय!)

७. नियम मोडणारा कुठे शिकला तेही बघ. त्याच पोस्टरवाल्यांतला व्हिक्टर मॉस्कोसो येल विद्यापीठात जोसेफ अल्बर्सकडे रंग शिकला होता, म्हणून डोळे चुरचुरतील असे रंग शेजारी बसवणं त्याला नेमकं जमलं – आपले अरुण कोलटकरही लिटल मॅगझिनवाले खरे, पण जाहिरातीत मुरलेले. १९७६मध्ये सुरू झालेल्या ‘क्लिअरिंग हाउस’ या प्रकाशनाच्या पुस्तकांची मांडणी त्यांचीच.

८. फोटो एकटा बघू नकोस. डोरोथिया लँगच्या १९३६च्या ‘मायग्रंट मदर’सोबत घेतलेले इतर फोटोही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, घरबसल्या दिसतात, शेजारी ठेवून बघ, तिने काय काय वगळलं ते. त्याच संग्रहात तिचा साहेब रॉय स्ट्रायकर याने नापसंत म्हणून भोक पाडलेल्या निगेटिव्हही आहेत – ‘पास झालेलं डोळा सुखावतं, नापास झालेलं डोळा घडवतं.’

९. फोटोखालचं नाव खरं धरण्याआधी जरा थांब – होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे.

१०. मोबाइलवर आधी पूर्ण पान घे, चारी कडांसकट, मग आवडलेला तुकडा. आणि अंक, वर्ष, पान, संग्रह हे त्याच संध्याकाळी लिही – उद्या लिहीन म्हणशील, आणि ‘टीप नाही ते चित्र पोरकं’.

११. जुनं म्हणजे फुकट नव्हे. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. राजा रवि वर्मा १९०६ला गेले, त्यांची चित्रं मोकळी, पण दीनानाथ दलाल गेले १९७१ला, म्हणजे २०३१ संपेपर्यंत विचारायला हवं – आणि विचारलं की माणसं बहुधा हो म्हणतात, वर चहा देतात.

१२. रद्दीत काही गवसलं तर सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच – टेपचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो, आणि लॅमिनेशन केलेलं पुन्हा सुटं होत नाही. गंजक्या पिना मात्र हलक्या हाताने काढ.

१३. दिवसभर बघितलंस की दुसऱ्या दिवशी सगळं मिटून आठवेल तेवढंच काढ – समोर ठेवून काढलंस तर हात ट्रेसिंगच करतो, कितीही नाही म्हण.

१४. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचंच आहे, पण त्याआधी घरचा माळा बघ. जुने दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सिनेमाची चोपडी काय काय निघेल. फक्त रद्दीत आजवर काय काय गेलं हे तुझ्या बाबाला विचारू नकोस – माझा भाऊ आहे तो, उत्तर मला माहीत आहे, आणि भांडण परत मलाच मिटवायला यावं लागेल.